कमला, प्रति किलो

बेनोड्याच्या रस्त्यावर टिनाचं शेड हाये,
तिथं मी संत्र्याच्या पेट्यायवर नाव मारते.
पत्र्याचा साचा, दाढीचा जुना बुरूश, डब्यात रंग.
साच्यातले अक्षरं आपले नाई. वरची रेघ आपल्यावानीच,
खालचं काहीच उमजत नाई.
चार सीझन मारले म्या, इचारलं नाई कोनाले.

मंग एक डायवर आला, निताई नावाचा, बंगालातला.
चहा पेता पेता हासत सुटला.
म्हने, बाई, हे तं तुमचंच नाव हाये.
त्यायच्या बोलीत संत्र्याले कमला म्हनते.

त्या दिसापासून हात जरा जपून चालाले लागला.
पांढुर्न्याच्या शाळंत मास्तरनं पाटीवर काढून देल्लं नाव
बॉर्डर वलांडून जात होतं, दिवसाले सातशे खेपा,
अन् मी नागपूरच्या पल्याड कधी गेली नाई.

यंदा मिरुग बहार बरा होता.
मशीनच्या भोकाभोकातून फळ खाली येत होतं,
बारीक इकडं, मंझलं तिकडं, मोठं पुढं,
वच्छला फुसे डागी फळ बाजूले काढत होती,
अन् फोन आला.
प्रज्वलनं स्पीकरवर टाकला: तिकडच्या सरकारनं कर वाढवला,
किलोमांगं. गाड्या नाक्यावर उभ्या,
ताडपत्रीखालून रस गयते.

मी म्हटलं, "म्हंजे माह्यावर लावला?"
सारे हासले. मशीन बंद होतं,
म्हून हासनं लय मोठं वाटलं.

प्रज्वल अमरावतीले बी.कॉम. झाला हाये.
त्यानं वहीच्या मांगच्या पानावर दोन रकाने काढले:
आपन धाडतो, आपन घेतो.
जो जास्त घेते, त्याची तूट. थो भेते, मंग फाटक लावते.
"अन् ज्याचा माल अडला थो?"
"थो चिडते. थोबी लावते."
"म्हंजे दोघंबी उभेच?"
"हाव काकू. दोघंबी."

वच्छलानं नातवाच्या शर्टाची कॉलर उलटी केली.
वरुडच्या बाजारातलं शर्ट, नव्वद रुपयाचं.
मांगं चिठ्ठी होती: तिकडचंच.
कापूस कुठचा, ते चिठ्ठीवर नोतं. आर्वीचाबी असन.
कोन्या बाईनं तिकडं बसून शिवन मारली असन,
तिचं नाव आपल्या बोलीत
कशाचं नाव असन? मिठाचं? भेंडीचं?
कोनत्या रकान्यात मांडाचं हे, वच्छला इचारे.
प्रज्वल पेनाचं टोपन चावत राह्यला.

माह्या माहेरच्या रस्त्यालेबी नाका होता,
दोन राज्यायच्या मधात. बाबा गुळाच्या भेल्या घेऊन थांबे,
शिपाई भेलीचा कोपरा मोडून तोंडात टाके
अन् मंग पावती फाडे.
आता नाका उठला. हापिसात शेळ्या बसते.
लोखंडी दांडा वर गेला तो वरच गंजला,
कोनीतरी त्याले दोरी बांधून गोधड्या वायू घालते.
दिवायीले मी तिथून गेली तवा
बाबाचा हात आपोआप खिशाकडं गेला.

दुपारी मालकाचा निरोप आला: माल दिल्लीले जाईन.
नाव पुसा, नाई तं तिथला व्यापारी म्हनन
परतीचा माल हाये, भाव पाडन.
मले घासलेट देल्लं अन् चिंध्या.

सातशे पेट्या. लाकडाच्या नसायत रंग उतरलेला,
पक्का, माह्याच हातानं कालवलेला.
म्या घासलं. नाव गेलं नाई,
नुसतं पसरलं,
अन् तसंच चढलं गाडीत.
वाचन कोनी तं वाचो.

संध्याकाळी रोजी घेतली.
रजिस्टरात सही केली तं तिथंबी डाग पडला.
प्रज्वल म्हने, काकू, हात तं धुवून येता.